शिपायाच्या डोळ्यांपुढचा पडदा

पायदळाच्या शिपायाच्या हेल्मेटला डोळ्यांसमोर एक पारदर्शक काच बसवावी, तिच्यावर नकाशा, दिशा, आपले सोबती कुठे आहेत आणि शत्रू कुठे असण्याची शक्यता आहे हे सगळे उमटत राहावे, म्हणजे त्याला परिस्थितीचे भान अधिक चांगले राहील, ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. अमेरिकी लष्कर गेली तीस वर्षे तिचा पाठपुरावा करत आहे, आणि आपल्याकडेही ती 'एफ-इन्सास' या लष्करी योजनेच्या नावाने एकदा येऊन गेली. माझे म्हणणे असे आहे की या कल्पनेत सुरुवातीपासूनच दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होत आली आहे. शिपायाची नजर वाढवणे ही एक गोष्ट आणि त्याच्या नजरेवर काहीतरी लिहून ठेवणे ही दुसरी. पहिलीसाठी आपण करू तेवढा खर्च थोडाच आहे. दुसरी मात्र चालत्या, रांगत्या, धापा टाकणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे नसावी. ती ज्याला दोन मिनिटे आडोशाला बसून विचार करता येतो त्याच्या मनगटावर किंवा छातीवर असावी.

या मताला अमेरिकेच्या अनुभवाचा आधार आहे. 'लँड वॉरियर' नावाचा त्यांचा प्रकल्प 1990 च्या दशकात आकाराला आला. शिपायाच्या एका डोळ्यासमोर छोटे भिंग, पाठीवर संगणक आणि रेडिओ, बंदुकीवर कॅमेरा, असा तो संच होता आणि त्याचे वजन सुमारे सोळा पौंड, म्हणजे सात किलोच्या वर होते. वर्षानुवर्षे पैसा ओतून 2007 मध्ये लष्कराने प्रकल्पाचा निधी थांबवला. गंमत अशी की त्याच वर्षी नवव्या इन्फन्ट्री रेजिमेंटची चौथी बटालियन हाच संच घेऊन इराकला गेली. तिथे त्या शिपायांनी जे केले ते कोणत्याही अहवालापेक्षा बोलके आहे. त्यांनी संचातले नको ते भाग काढून टाकले, बंदुकीवरचा कॅमेरा बाजूला ठेवला, आणि प्रत्येकाने तो अंगावर बाळगण्याऐवजी छोट्या तुकड्यांच्या प्रमुखांनीच तो वापरावा अशी व्यवस्था लावली. तुकडीप्रमुखांना मात्र तो आवडू लागला, कारण अनोळखी मोहल्ल्यात आपली दुसरी तुकडी कोणत्या गल्लीत आहे हे रेडिओवर न विचारता त्यांना कळू लागले. पुढे 'नेट वॉरियर' या नावाने तीच कल्पना पुन्हा उभी राहिली तेव्हा आधी डोळ्यासमोरच्या भिंगाचाच विचार होता. पण 2013 च्या सुमारास शिपायांच्या हाती प्रत्यक्षात जे पडले ते छातीवर उलटे लटकवलेले, बाजारात मिळणारे सॅमसंगचे मोबाइल फोन होते. मान खाली घालायची, पाहायचे, बंद करायचे आणि पुढे निघायचे.

एवढे शिकल्यावर पुढचे पाऊल मनगटाकडे किंवा छातीकडे पडायला हवे होते. ते पुन्हा डोळ्यांकडेच पडले. मायक्रोसॉफ्टच्या 'होलोलेन्स' या चष्म्यावर आधारित संच बनवण्यासाठी अमेरिकी लष्कराने नोव्हेंबर 2018 मध्ये 48 कोटी डॉलरचे कंत्राट दिले आणि मार्च 2021 मध्ये ते दहा वर्षांत 2188 कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकेल असे जाहीर केले. 'आयव्हॅस' हे त्याचे संक्षिप्त नाव. लाखाच्या वर शिपायांना तो द्यायचा होता. एप्रिल 2022 मध्ये संरक्षण खात्याच्याच महानिरीक्षकांनी इशारा दिला की ज्यांनी तो वापरायचा त्या शिपायांची पसंती आधी मोजली नाही, तर हा सगळा पैसा वाया जाऊ शकतो. त्याच वर्षीच्या चाचणीत बहुसंख्य शिपायांना डोकेदुखी, मळमळ, डोळ्यांवर ताण, मानेवर ओढ यांपैकी काही ना काही जाणवले, आणि ज्यांना त्रास झाला त्यांच्यापैकी अनेकांना तीन तासही काढता आले नाहीत. रात्री त्या काचेचा उजेड दुरून दिसतो, ही तक्रार तर कोणत्याही शिपायाने पहिल्याच रात्री केली असती. अमेरिकी संसदेने 6900 संचांसाठी मागितलेले 40 कोटी डॉलर नाकारून केवळ 4 कोटी डॉलर आणि तेही सुधारणेसाठी दिले. साधा भागाकार केला तर एका संचाची किंमत सुमारे 58 हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने 47 लाख रुपयांच्या आसपास येते. फेब्रुवारी 2025 मध्ये हे काम मायक्रोसॉफ्टकडून 'अँडुरिल' या कंपनीकडे गेले. तिचा संस्थापक पामर लकी हा 'ऑक्युलस' हा खेळाचा चष्मा बनवणारा, ही गोष्ट मला योगायोगाची वाटत नाही. ज्याने माणसाला घरबसल्या दुसऱ्या जगात नेण्याचे यंत्र बनवले, त्याच्याकडे आता शिपायाला आहे त्याच जगात अधिक जागे ठेवण्याचे काम आले आहे, आणि ही दोन कामे नेमकी परस्परविरुद्ध आहेत.

विरुद्ध का, हे समजून घ्यायचे तर 'परिस्थितीचे भान' म्हणजे काय ते नीट पाहावे लागते. या विषयात मायका एन्ड्स्ली या अमेरिकी संशोधक बाईंची मांडणी प्रमाण मानली जाते. आजूबाजूला काय आहे ते टिपणे, त्याचा अर्थ लावणे, आणि त्यावरून थोड्या वेळाने काय होईल याचा अंदाज बांधणे, अशा भानाच्या तीन पायऱ्या त्यांनी सांगितल्या. डोळ्यासमोरची काच पहिल्या पायरीला भरपूर माल पुरवते; पण दुसरी आणि तिसरी पायरी शिपायाच्या डोक्यातच चढायची असते, आणि त्यासाठी लागणारे अवधान तर त्या काचेने आधीच खाऊन टाकलेले असते. अवधान ही काही वाढवता येणारी गोष्ट नव्हे. नासाच्या एम्स केंद्रात 1980 च्या सुमारास वैमानिकांवर एक प्रयोग झाला होता. विमान उतरवण्याच्या सरावयंत्रात समोरच्या काचेवर वेग, उंची वगैरे आकडे दिसत होते आणि धावपट्टीवर अचानक दुसरे विमान आडवे आणले गेले. अनुभवी वैमानिकांपैकी काहींना ते विमान दिसलेच नाही. आकडे आणि धावपट्टी दोन्ही एकाच रेषेत होती, मान वळवण्याचीही गरज नव्हती, तरीही नाही. डोळे तिथे होते, मन काचेवर होते. 1999 मध्ये सायमन्स आणि शाब्रीस या दोघांनी चित्रफितीतल्या खेळाडूंनी चेंडू किती वेळा फेकला हे मोजणाऱ्या प्रेक्षकांसमोरून, त्याच चित्रफितीत, गोरिलाचा वेश केलेले माणूस चालवले, आणि जवळजवळ अर्ध्या लोकांना ते दिसले नाही, तो प्रयोग आता सर्वांना माहीत आहे. शिपायाच्या बाबतीत तो गोरिला हातात बंदूक घेऊन येतो, एवढाच फरक.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञांच्या गटाने 1997 मध्येच शिपायासाठीच्या या पडद्यांचा मानवी बाजूने अभ्यास करून सावधगिरीचा सूर लावला होता. डोळ्यासमोरच्या पडद्याने जवळपासचे भान कमी होण्याचा धोका त्यांनी स्पष्ट सांगितला होता. म्हणजे पुढे जे झाले ते कोणाला माहीत नव्हते असे म्हणता येत नाही.

वैमानिकांचे उदाहरण नेहमी दिले जाते. हेल्मेटमधला पडदा वैमानिकाला चालतो, मग शिपायाला का नाही? आपल्या हवाई दलाकडे 1980 च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या मिग-29 विमानांबरोबर हेल्मेटवरून नेम धरण्याची सोय आली, आणि 2019 मध्ये पठाणकोटला दाखल झालेल्या अपाची हेलिकॉप्टरच्या वैमानिकाच्या उजव्या डोळ्यासमोर तर भिंगच असते. हे सगळे खरे आहे. पण वैमानिक बसलेला असतो. त्याची वीज यंत्र पुरवते, त्याच्या पायाखाली दगड, चिखल, वेली नसतात, त्याला पोटावर सरपटत कुंपणाखालून जायचे नसते, आणि त्याचा शत्रू बहुधा दहा पावलांवरच्या मक्याच्या ताटांमागे लपलेला नसतो. त्यातही अपाचीच्या वैमानिकांना एका डोळ्याने पडदा आणि दुसऱ्याने बाहेरचे जग पाहण्याची सवय लागायला बरेच महिने जातात आणि डोकेदुखीच्या तक्रारी राहतातच. पायदळाचा शिपाई हा त्या अर्थाने जगातला सर्वांत गैरसोयीचा चाकरमानी आहे. जे द्याल ते त्याला उचलून न्यावे लागते, आणि जे चालू ठेवायचे त्याची बॅटरीही त्यालाच वाहावी लागते.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या नात्यातले एक निवृत्त सुभेदार आहेत. मराठा लाइट इन्फन्ट्रीत त्यांच्या उमेदीची वर्षे गेली आणि त्यातली बरीच काश्मीरमध्ये गेली. त्यांना मी या चष्म्याचे चित्र मोबाइलवर दाखवले. त्यांनी ते दोन बोटांनी मोठे करून नीट पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: "ह्याच्यावर हेल्मेटची पट्टी कुठून जाते?" दुसरा प्रश्न होता, घाम आला की काच पुसायची कशाने. मी त्यांना नकाशाचे, लाल ठिपक्यांचे सांगत राहिलो. ते म्हणाले, "दादा, रात्रीच्या गस्तीला निघालो की आम्ही शंभर पावले चालून थांबायचो. बसायचो. कुणी खोकायचे नाही. गावातली कुत्री भुंकतात त्याची भीती नसते. भुंकता भुंकता एका बाजूची कुत्री एकदम गप्प झाली की मग समजायचे, तिकडे कुणीतरी भाकरीचा तुकडा टाकलाय."

त्या शांततेची खूण कोणत्या काचेवर उमटणार? मी हे यंत्रद्वेषाने विचारत नाही. सुभेदारांनाही यंत्राचा द्वेष नव्हता. रात्री पाहण्याच्या दुर्बिणीबद्दल ते ज्या हावरेपणाने बोलतात ते ऐकण्यासारखे आहे. मुद्दा असा की पायदळाचे भान हे मुख्यतः एकट्याच्या डोळ्यांत साठवलेले नसते, ते दहा जणांच्या सेक्शनमध्ये वाटलेले असते. एकाचे लक्ष डावीकडे, एकाचे उजवीकडे, शेवटचा दर काही पावलांनी मागे वळून पाहणारा, आणि मधला त्यांच्या हातांच्या खुणा पाहणारा. प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे तोच नकाशा आणि तेच ठिपके आणून ठेवले तर दहा जण एकाच दिशेला पाहणारे होतील. वाटलेले भान आपण पुन्हा एका ठिकाणी गोळा करू, आणि तेही सगळ्यांच्या नाकासमोर.

आता दुसरी बाजू. रात्री दाखवणारे यंत्र हेही डोळ्यासमोरचे यंत्रच आहे, आणि त्याला माझा विरोध का नाही? कारण ते नजर वाढवते. पुण्यात सेनादिनाच्या निमित्ताने भरलेल्या प्रदर्शनात रांगेत उभे राहून मी असे एक यंत्र डोळ्याला लावले होते. हिरवट, किंचित दाणेदार चित्र. समोरच्या अंधाऱ्या तंबूतल्या माणसाच्या शर्टाच्या गुंड्याही मोजता येत होत्या. पण डावीकडचे, उजवीकडचे सगळे जग कापून टाकलेले, जणू कागदाच्या पुंगळीतून पाहतो आहे. अशा साध्या यंत्रातून सुमारे 40 अंशांचे दृश्य दिसते, तर उघड्या डोळ्यांना दोनशे अंशांच्या आसपास दिसते. खोलीचा अंदाजही चुकतो. मी जवळच्या टेबलाकडे हात नेला आणि तो टेबलाच्या अलीकडेच थांबला. शेजारी उभा असलेला जवान हसून म्हणाला, पहिल्या आठवड्यात सगळेच ठेचकाळतात. तरीही हा तोटा पत्करावा असा आहे, कारण त्या यंत्राशिवाय तिथे काहीच दिसणार नव्हते. उजेड वाढवणाऱ्या नळीला उष्णता टिपणारे चित्र जोडून माणसाच्या आकृतीभोवती रेघ काढणारी अमेरिकी यंत्रे 2019 पासून त्यांच्या पायदळात आली आहेत, आणि त्यांच्याबद्दल शिपायांची कुरकुर 'आयव्हॅस'च्या मानाने फारच कमी आहे. कारण ती रेघ जिथे आहे तिथे खरोखरच काहीतरी उबदार आहे. यंत्र तिथल्या तिथे पाहते आणि दाखवते.

नकाशावरचा ठिपका तसा नसतो. तो कोणीतरी, कुठेतरी, केव्हातरी टाकलेला असतो. 5 डिसेंबर 2001 रोजी अफगाणिस्तानात कंदाहारच्या उत्तरेला अमेरिकी विशेष दलाच्या तुकडीने विमानाला लक्ष्याचे अक्षांश-रेखांश कळवायचे होते. यंत्राची बॅटरी संपली, ती बदलली, आणि बॅटरी बदलल्यावर त्या यंत्रावर लक्ष्याऐवजी स्वतःच्या जागेचे आकडे आले. हे त्या क्षणी कुणाच्या लक्षात आले नाही. दोन हजार पौंडांचा बाँब त्यांच्यावरच पडला, तीन अमेरिकी शिपाई आणि त्यांचे काही अफगाण सहकारी मेले, आणि पुढे अफगाणिस्तानचे अध्यक्ष झालेले हमीद करझाई किरकोळ जखमी झाले. यंत्र बिघडलेले नव्हते. पडद्यावरचे आकडे खरेच होते, फक्त ते वेगळ्या जागेचे होते. पडद्यावर दिसते ते खरे मानायची सवय माणसाला फार लवकर लागते, आणि थकलेल्या, घाबरलेल्या माणसाला तर ती हवीहवीशीच वाटते.

आपल्याकडचा अधिक बोचरा दाखला नागालँडमधल्या मोन जिल्ह्यातल्या ओटिंगचा आहे. 4 डिसेंबर 2021 रोजी घातकी टोळी येणार अशी खबर धरून लष्कराच्या विशेष दलाच्या तुकडीने दबा धरला आणि कोळशाच्या खाणीतून घरी परतणाऱ्या मजुरांच्या पिकअप गाडीवर गोळीबार केला. सहा निरपराध माणसे तिथेच मेली, आणि त्यानंतर उसळलेल्या संतापात आणखी जीव गेले. नागालँड पोलिसांच्या विशेष पथकाने तीस जणांवर आरोपपत्र ठेवले, केंद्राने खटल्याला परवानगी दिली नाही, आणि सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण पुढे चालवण्यास नकार दिला. त्या शिपायांच्या डोळ्यांसमोर काच नव्हती. पण ती असती तर काय झाले असते, याची कल्पना करून पाहावी. खबर जशीच्या तशी लाल चौकोनाच्या रूपाने त्या गाडीभोवती उमटली असती. तोंडी खबरीत निदान 'असे म्हणतात', 'बहुधा' एवढी तरी शंका असते. लाल चौकोनाला 'बहुधा' म्हणता येत नाही. आणि नंतर चौकशीत शिपाई म्हणणार, मला तसे दाखवले गेले. दाखवणारा म्हणणार, मी फक्त माहिती भरली, चाप त्याने ओढला. जो देश आजच अशा प्रकरणात उत्तरदायित्व कुणाचे हे ठरवू शकत नाही, त्याने त्यात काचेची आणखी एक भिंत उभी करण्याआधी शंभरदा विचार करावा.

एका गोष्टीचे श्रेय मात्र या पडद्यांच्या पुरस्कर्त्यांना दिले पाहिजे. आपलीच माणसे आपल्याच गोळीने मरू नयेत, ही त्यांची मूळ तळमळ खरी आहे. 1991 च्या आखाती युद्धात लढाईत मेलेल्या 148 अमेरिकी सैनिकांपैकी 35 जण आपल्याच बाजूच्या माऱ्याने मेले होते. आपल्याकडे 27 फेब्रुवारी 2019 रोजी बडगामला हवाई दलाने स्वतःचेच एमआय-17 हेलिकॉप्टर क्षेपणास्त्राने पाडले, सहा हवाई सैनिक आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला, आणि ही आमची मोठी चूक होती असे हवाई दलप्रमुखांनी पुढे जाहीरपणे मान्य केले. आपला कोण आणि परका कोण हे कळण्यासाठी नकाशावर आपल्या तुकड्या दिसणे फार मोलाचे आहे. पण ते ज्याने दिसायला हवे तो सेक्शन कमांडर, प्लाटून कमांडर, तोफखान्याशी बोलणारा माणूस आहे. पहिल्या क्रमांकाचा रायफलधारी नव्हे. युक्रेनच्या सैन्याने हे फार साधेपणाने केले आहे. तिथे लक्ष्ये आणि नकाशे साध्या अँड्रॉइड टॅब्लेटवर चालतात. तो टॅब्लेट खंदकात एकाच्या मांडीवर असतो.

आणि युक्रेनमुळेच या वादाला एक अनपेक्षित वळण मिळाले आहे. डोक्यावर बांधलेल्या पडद्याने पायदळाची लढाई खरोखर बदलली असेल तर ती तिथे, आणि तीही अगदी उलट्या अर्थाने. छोटे ड्रोन उडवणारा शिपाई डोळ्यांवर पूर्ण बंद चष्मा लावतो. त्याला ड्रोनच्या नाकावरच्या कॅमेऱ्यातून काही किलोमीटर पलीकडचा रणगाडा दिसतो, पण स्वतःच्या पायाशी काय आहे ते दिसत नाही. म्हणून तो जमिनीखाली बसतो, आणि त्याच्याशेजारी एक साथीदार उघड्या डोळ्यांनी, उघड्या कानांनी पहारा देत बसतो. डोळ्यांसमोर पडदा लावला की जवळचे भान जाते, हे तिथल्या शिपायांनी गृहीत धरले आणि त्याची किंमत म्हणून प्रत्येक चष्म्यामागे एक राखणदार नेमला. 2025 च्या कारगिल विजय दिनी आपल्या लष्करप्रमुखांनी पायदळाच्या बटालियनांमध्ये ड्रोन प्लाटून असतील असे जाहीर केले, तेव्हा हा राखणदाराचा हिशेब आपल्या मनुष्यबळात धरला आहे की नाही, हा प्रश्न ड्रोनच्या संख्येइतकाच महत्त्वाचा आहे.

प्रत्येक शिपायाच्या डोक्यावरचे यंत्र माहिती मिळवण्यासाठी रेडिओलहरी सोडत असते, ही आणखी एक अडचण. 2023 च्या पहिल्या रात्री युक्रेनच्या रशियाव्याप्त भागातल्या मकिइव्का इथे रशियाचे सैनिक एका इमारतीत मुक्कामाला असताना तिच्यावर मारा झाला. 89 मेल्याचे रशियाने कबूल केले आणि दोष सैनिकांच्या मोबाइल फोनना दिला. त्यात वरिष्ठांनी स्वतःचा हलगर्जीपणा झाकला असेलही. तरी सेक्शनमध्ये दहा प्रक्षेपक नेण्यापेक्षा एक नेणे, आणि तोही गरजेपुरता चालू करणे, हे शहाणपणाचे आहे एवढे तर त्यातून निघतेच.

आता आपल्या घराकडे. 'एफ-इन्सास' योजनेत सुरुवातीला हेल्मेट, त्यावरचा दर्शक पडदा, अंगावरचा संगणक, रेडिओ, नवी बंदूक असा पूर्ण संच होता. 2015 च्या सुमारास ती योजना दोन भागांत तुटली. शस्त्रे आणि संरक्षक साहित्य एकीकडे, रणक्षेत्राचे संगणकीय जाळे दुसरीकडे, आणि हे दुसरे काम काही वर्षांत गुंडाळले गेले. ऑगस्ट 2022 मध्ये संरक्षणमंत्र्यांनी 'एफ-इन्सास' या नावाने जे साहित्य लष्कराच्या स्वाधीन केले त्यात एके-203 रायफल, हेल्मेट, जॅकेट अशा वस्तू होत्या. अनेकांनी याला योजनेची अधोगती म्हटले. मला हा तिचा शहाणपणा वाटतो, जरी तो बहुधा पैशाच्या टंचाईने आलेला असला तरी. कारण आपल्या जवानाच्या डोक्यावर काय होते ते विसरता कामा नये. वर्षानुवर्षे तो कपाळ आणि डोक्याचा मागचा भाग तेवढा झाकणारा, अडीच किलोच्या घरातला लोखंडी 'पटका' बांधून दहशतवाद्यांशी लढत होता. गोळी अडवणारी सुमारे 1 लाख 58 हजार आधुनिक हेल्मेटे देण्याचा करार व्हायला 2016 साल संपत आले. मार्च 2012 मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंग यांचे पंतप्रधानांना लिहिलेले पत्र फुटले, त्यात पायदळाला रात्री लढण्याची क्षमता नाही असे स्पष्ट लिहिले होते. त्यानंतर बरीच सुधारणा झाली आहे, पण प्रत्येक रायफलीमागे एक रात्रीची नजर हे उद्दिष्ट आधी गाठायचे आहे. त्यासाठीची प्रतिमा उजळणारी नळी बनवणे हे फार नाजूक काम आहे आणि पुण्यात भारत इलेक्ट्रॉनिक्सची कंपनी ते काम कित्येक वर्षे करते आहे. चष्म्यावर ठिपके उमटवणारे सॉफ्टवेअर लिहायला आपल्याकडे हजारो हुशार तरुण मिळतील; चांगली नळी बनवणारे हात थोडे आहेत. पैसा तिकडे जावा.

आणि जे कोणी कधी तरी काचेच्या चष्म्याची निविदा काढतील त्यांनी हेल्मेटाखालचे डोकेही विसरू नये. जानेवारी 2023 मध्ये शीख जवानांसाठी खास आकाराची 12,730 हेल्मेटे घेण्याची प्रक्रिया सुरू झाली तेव्हा अकाल तख्त या शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाच्या जथेदारांनी पगडीच्या प्रश्नावरून तिला विरोध केला. बाजू कुणाचीही घ्या, पण जे यंत्र हेल्मेटला जोडूनच चालते ते दिल्लीतल्या कागदावर सर्वांसाठी एकच असू शकते, पलटणीत नाही.

तरुण जवान लहानपणापासून पडदे पाहत आले आहेत, त्यांना हे जड जाणार नाही, असा युक्तिवाद मी अनेकदा ऐकतो. मोबाइलवर खेळ खेळणारा मुलगा त्या वेळी शेजारून कोण गेले ते सांगू शकत नाही, हे प्रत्येक आईला माहीत आहे. यंत्रे हलकी होतील, उजेड बाहेर फुटणार नाही, मळमळ थांबेल, हे सगळे मी मान्य करतो; दहा वर्षांत ते होईल. पण अवधानाची अडचण यंत्राच्या वजनातली नाही, म्हणून ती वजनाबरोबर कमी होणार नाही. दिशा सांगायची तर मनगटावर किंवा कमरेच्या पट्ट्यात बारीक थरथर देऊन सांगता येते, डोळे मोकळे ठेवून. तिचे प्रयोगही झालेले आहेत.

'आयव्हॅस'च्या पहिल्या आवृत्त्यांवर एवढी टीका झाल्यावर पुढच्या आवृत्तीत जे बदल केले गेले त्यातला एक फार साधा होता: चष्म्याला बिजागरी बसवली, म्हणजे नको तेव्हा तो हेल्मेटवर वर उचलून ठेवता येईल. अब्जावधी डॉलरच्या त्या प्रकल्पातला मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो भाग हाच. आपण कधी असे यंत्र चाचणीला घेतले तर ते आधी कुपवाड्याच्या आणि अरुणाचलच्या दोन-तीन पलटणींना पावसाळाभर वापरायला द्यावे, आणि त्या बिजागरीत एक मोजणी ठेवावी: गोळीबार सुरू झाल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात किती जवानांनी काच वर केली.